स्मार्ट मीटरने वीज वितरणात काय बदलतं आणि काय बदलत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिजिटल तंत्रज्ञान आणि सरकारी धोरण यांमुळे पायाभूत सेवांचे उद्योग बदलत आहेत म्हणतात, तर वीज वितरणात हा बदल प्रत्यक्षात कुठे होतो? आणि मीटर बदलल्यावर बिल वाढल्याच्या तक्रारी इतक्या का येतात?

दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. स्मार्ट मीटर वापराची नोंद आपोआप सर्व्हरवर पाठवतो, पण तो शेवटी मोजण्याचं यंत्रच आहे. त्यातून कोणाला काय मिळणार, हे त्याच्याभोवतीचे तीन दस्तऐवज ठरवतात: मीटर बसवणाऱ्या कंपनीचा करार, नियामक आयोगाचा दर-आदेश आणि कोणता ग्राहक कोणत्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) आहे याची नोंदवही. पहिल्या दोन्हींवर सगळीकडे चर्चा होते. तिसऱ्याकडे जवळजवळ कोणी बघत नाही, आणि बहुतेक घोळ तिथेच होतात.

आधी धोरणाची बाजू. केंद्र सरकारने जून 2021 मध्ये सुधारित वितरण क्षेत्र योजना मंजूर केली. एकूण खर्च 3,03,758 कोटी रुपये, त्यात केंद्राचा वाटा 97,631 कोटी, आणि लक्ष्य 25 कोटी स्मार्ट मीटरचं. देशभरातली एकूण तांत्रिक व वाणिज्यिक हानी 12 ते 15 टक्क्यांवर आणायची, हा मूळ हेतू. या हानीचं गणित ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं उलगडतं. फीडरमध्ये, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या मुख्य वाहिनीत, 100 युनिट सोडली, त्यातल्या 85 युनिटांचंच बिल निघालं आणि निघालेल्या बिलांपैकी 95 टक्के रक्कम वसूल झाली, तर 0.85 गुणिले 0.95 म्हणजे 0.8075. हानी 19.25 टक्के. तारा तापून जाणारी वीज, आकडे टाकून ओढलेली वीज, बंद पडलेल्या मीटरची सरासरी बिलं आणि न भरलेली बिलं, सगळं या एकाच आकड्यात येतं. स्मार्ट मीटर यातल्या बिल निघण्याच्या आणि वसुलीच्या भागाला हात घालतो. जुन्या, बारीक, लांबलचक तारा तो बदलत नाही.

वसुलीवर एवढा जोर का, याचं एक कारण दुसऱ्या एका नियमात आहे. जून 2022 च्या विलंब अधिभार नियमांनी वितरण कंपन्यांची वीजनिर्मिती कंपन्यांकडची जुनी थकबाकी जास्तीत जास्त 48 हप्त्यांत फेडायला लावली आणि पुढे थकवलं तर बाजारातून अल्पमुदतीची वीज घेण्यावर बंधन आणलं. वरून रोकड वेळेवर द्यायची सक्ती आली, म्हणून खालून रोकड आगाऊ घ्यायची घाई वाढली. प्रीपेड मीटरचा आग्रह तंत्रज्ञानापेक्षा या रोकडीच्या साखळीशी जोडलेला आहे. महाराष्ट्रात याला मोठा विरोध झाला आणि जून 2024 मध्ये राज्य सरकारने सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. त्यानंतर महावितरण जे मीटर बसवत आहे ते टीओडी मीटर, म्हणजे वेळेनुसार नोंद घेणारे. यंत्राच्या दृष्टीने ते स्मार्ट मीटरच आहेत, बिल मात्र नेहमीसारखं वापरानंतर येतं. हा फरक लोकांना नीट सांगितला गेला नाही, आणि निम्मा गैरसमज तिथून सुरू झाला.

आता करार. पूर्वी वितरण कंपनी मीटर विकत घेई, आपल्या माणसांकडून किंवा ठेकेदाराकडून बसवून घेई. नव्या पद्धतीत एकच सेवादार मीटर आणतो, बसवतो, संपर्कजाळं आणि सर्व्हर उभारतो, काही वर्षं चालवतो आणि शेवटी सोपवतो. भांडवल त्याचं, आणि त्याला दर मीटरमागे दर महिन्याला पैसे मिळतात. केंद्राच्या आदर्श निविदेत हा हिशेब मीटरमागे 93 महिन्यांचा आहे. सर्वसाधारण राज्यांना केंद्राचं मूळ अनुदान मीटरच्या खर्चाच्या 15 टक्के, कमाल 900 रुपये.

समजा एका मीटरचा सगळा मिळून खर्च 10,000 रुपये आहे. 900 वजा केले की 9,100 उरतात. 93 ने भागलं की महिन्याला सुमारे 98 रुपये. महिन्याला 80 युनिट वापरणाऱ्या घरात हे 98 रुपये भरून निघायचे कसे? रीडिंग घेणाऱ्या माणसाचा खर्च वाचतो, पण तो या रकमेच्या मानाने किरकोळ. बाकीचं हानी कमी होऊन, वसुली सुधारून आणि महागडी संध्याकाळची वीज कमी विकत घ्यावी लागून यायला हवं. नाही आलं तर ते पुढच्या दर-याचिकेत खर्च म्हणून येईल आणि सगळ्यांच्या दरात मिसळेल. ‘मीटर मोफत’ याचा अर्थ बसवताना पैसे घेत नाहीत, एवढाच घ्यावा. म्हणूनच आधी फीडर, मग रोहित्रं, मग उद्योग, दुकानं आणि मोठे घरगुती ग्राहक, आणि शेवटी 100 युनिटांच्या आतली घरं, असा क्रम मला योग्य वाटतो. वरचं मोजमाप आधी पक्कं असेल तर खालच्या मीटरच्या आकड्याला अर्थ येतो.

या करारातली आणखी एक गोष्ट. सेवादाराची कामगिरी मुख्यतः किती मीटरांचा डेटा वेळेत सर्व्हरवर पोचला यावर मोजली जाते. त्यामुळे डेटा पोचवण्याचं काम जोरात होतं. पोचलेला आकडा योग्य ग्राहकाच्या नावावर आणि योग्य रोहित्राखाली आहे का, ही जबाबदारी वितरण कंपनीची राहते, आणि तिथे माणसं कमी असतात.

रोहित्राचं उदाहरण घेऊ. एका गल्लीत 100 केव्हीए क्षमतेचं डीटीसी, म्हणजे वितरण रोहित्र, आहे, त्यावर 90 ग्राहक. डीटीसीवरच्या मीटरने महिन्याला 12,000 युनिट नोंदवली आणि 90 ग्राहकांची बेरीज 9,000 आली, तर 25 टक्के हानी दिसते. संगणकावर लाल खूण येते आणि वायरमनला चोरी शोधायला पाठवलं जातं. गल्लीत जाण्याआधी तीन गोष्टी तपासायला हव्यात.

पहिली, सीटी गुणोत्तर. सीटी म्हणजे मोठा प्रवाह मीटरसाठी ठरलेल्या प्रमाणात लहान करून देणारा करंट ट्रान्सफॉर्मर. 100 केव्हीएच्या रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह 433 व्होल्टला सुमारे 133 अँपिअर. तिथे 150/5 चा सीटी बसतो, कधी 200/5 चा. मीटरच्या आकड्याला ज्याने गुणायचं तो गुणक अनुक्रमे 30 आणि 40. प्रत्यक्षात 150/5 बसवलाय आणि प्रणालीत 40 भरलंय, तर 9,000 युनिटांची 12,000 दिसतात. म्हणजे वरची सगळी 25 टक्के ‘चोरी’ एका चुकीच्या आकड्यातून आलेली असू शकते. सीटीवरची पाटी वाचावी, फोटो घ्यावा, क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजून मीटरवरच्या प्रवाहाशी पडताळावा. एका फेजचा सीटी उलटा जोडला असेल तर उलट घडतं: समतोल भारावर तीनातले दोन फेज एकमेकांना रद्द करतात आणि एकतृतीयांशच नोंद होते. एका फेजची व्होल्टेजची तार सुटली असेल तर एकतृतीयांश कमी. अशा रोहित्रावर हानी उणे दिसते, म्हणजे ग्राहकांची बेरीज रोहित्राच्या नोंदीपेक्षा जास्त येते, आणि उणे हानी म्हणजे नोंद चुकली आहे हे नक्की.

दुसरी, ग्राहकांची जोडणी. रोहित्र जळलं की वायरमन रात्रीतून भार शेजारच्या डीटीसीवर टाकतो. ते त्याचं कामच आहे, लोकांना अंधारात ठेवता येत नाही. पण नवं रोहित्र आल्यावर सगळा भार परत येतोच असं नाही, आणि नोंदवहीत काहीच बदलत नाही. मग एका डीटीसीवर 40 टक्के हानी आणि शेजारच्यावर उणे 15, असं चित्र दिसतं. उपाय सोपा आहे: दोघांची बेरीज करून बघा. एकत्र हानी 8–10 टक्क्यांवर आली तर चोरी नाही, जोडणी हललेली आहे. स्मार्ट मीटर याच कामात खरा उपयोगी पडतो. एका रोहित्राखालच्या सगळ्या मीटरांचं व्होल्टेज दिवसभर एकत्र वरखाली होतं, आणि रोहित्र बंद पडलं की त्याखालचे सगळे मीटर एकाच मिनिटाला वीज गेल्याची नोंद करतात. या दोन खुणांवरून कोण कुठे आहे हे घरोघरी न जाता बरंचसं कळतं. हे काम दर महिन्याला केलं पाहिजे. मीटर बसवताना एकदा सर्वेक्षण करून भागत नाही.

तिसरी, वेळ. डीटीसीचं रीडिंग पहिल्या तारखेच्या मध्यरात्रीचं आणि ग्राहकांची रीडिंग 5 ते 20 तारखेपर्यंत पसरलेली, असा हिशेब वर्षानुवर्षं चालला. उन्हाळ्याच्या तोंडावर वापर चढत असताना या तफावतीतूनच खोटी हानी दिसते. सगळ्यांचं मध्यरात्रीचं रीडिंग मिळणं हा नव्या मीटरांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला गेलेला फायदा आहे.

या तिन्ही तपासण्यांनंतरही हानी उरली तर गल्लीत जावं. तिथे खरंच तारेवर चोरीचा आकडा टाकलेला असेल.

आता घरातल्या बिलाकडे. नवा मीटर ‘पळतो’ अशी तक्रार आली की सरसकट खोटी ठरवणं चूक आणि सरसकट मीटरवर खापर फोडणंही चूक. कारणं वेगवेगळी असतात आणि ती ओळखता येतात.

जुना चकतीचा मीटर झिजलेला असला की हळू चालतो आणि फारच कमी भारावर चकती हलतही नाही. नवा, अचूकतेच्या वर्ग 1 चा, 5 अँपिअर मूळ प्रवाहाचा मीटर त्याच्या 0.2 टक्के, म्हणजे 10 मिलिअँपिअरला मोजायला लागतो. ते सुमारे अडीच वॉट झाले. सेट टॉप बॉक्स, वायफाय, रिमोटवर बंद केलेला टीव्ही असे मिळून 20 वॉट सतत चालू असतील तर महिन्याला 14–15 युनिट होतात. यातून बिल थोडं वाढेल, पण दुप्पट होणार नाही.

दुप्पट बिल आलं तर आधी जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग बघा. बऱ्याच ठिकाणी ‘लॉक’ (घर बंद) किंवा ‘आरएनए’ (रीडिंग मिळालं नाही) शेऱ्याखाली महिनोन्महिने सरासरी बिल गेलेलं असतं. मीटर काढताना खरं रीडिंग पुढे येतं आणि साठलेली युनिट्स एकाच बिलात येतात. घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांवर चढतो, त्यामुळे एकत्र आलेली युनिट्स वरच्या टप्प्यात जातात. अशा वेळी ती जितक्या महिन्यांची आहेत तितक्या महिन्यांत विभागून टप्पे लावले आहेत का ते तपासा, नसतील तर तसं लेखी मागा. यासाठी एक काळजी आधीच घ्यावी लागते: मीटर बदलताना जुन्या मीटरचा आकडा आणि क्रमांक एकाच फोटोत घ्या, नव्या मीटरचा सुरुवातीचा आकडा आणि सील क्रमांक दुसऱ्यात. मीटर बदली अहवालावर सही करण्याआधी हे दोन्ही आकडे त्यात आहेत का ते वाचा.

सोसायट्यांमध्ये तिसरं कारण सापडतं. मीटर रूममध्ये चाळीस मीटर एका ओळीत असतात. घाईत 302 ची तार 303 च्या मीटरला लागते, किंवा मीटर बरोबर बसतो पण ग्राहक क्रमांक चुकीचा नोंदवला जातो. तपास दोन मिनिटांचा आहे. घरातला मेन स्विच बंद करा आणि कोणीतरी मीटरजवळ उभं राहून लुकलुकणारा लाल दिवा बघा. तुमच्या मीटरचा दिवा चालूच राहिला आणि शेजारच्याचा थांबला, तर तारा बदललेल्या आहेत. दोघांचेही चालू राहिले, तर मीटर आणि मेन स्विचच्या मध्ये कुठेतरी दुसरा भार जोडलेला आहे.

चौथं कारण न्यूट्रलचं. नवा मीटर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांतला प्रवाह मोजतो आणि जो जास्त असेल त्यावर युनिट धरतो. चोरी पकडण्यासाठी ही सोय आहे. पण एकाच घरात दोन मीटर आणि एकच सामाईक न्यूट्रल असेल, किंवा इन्व्हर्टर बसवताना शेजारच्या मीटरचा न्यूट्रल घेतला असेल, तर दुसऱ्याचा परतीचा प्रवाह तुमच्या मीटरमधून जातो आणि तुमच्या नावावर लागतो. मीटरच्या पडद्यावर फेजचा आणि न्यूट्रलचा प्रवाह वेगळा दिसत असेल तर दोन्ही वाचा. ते जवळजवळ सारखे असायला हवेत. न्यूट्रलचा ठळक जास्त दिसला तर मीटरची तक्रार करण्याआधी परवानाधारक वायरमनकडून वायरिंग तपासून घ्या. मीटर कितीदाही बदलला तरी हा दोष जाणार नाही.

मीटरच्याच अचूकतेवर शंका असेल तर घरी ढोबळ चाचणी करता येते. मीटरच्या पाटीवर ‘इम्पल्स प्रति किलोवॉट-तास’ असा आकडा असतो, समजा 3200. घरातलं सगळं बंद करून फक्त 1000 वॉटचा पाणी तापवायचा रॉड पाण्यात बुडवून लावा आणि दिवा 100 वेळा लुकलुकायला किती सेकंद लागतात ते मोजा. 100 भागिले 3200 म्हणजे 31.25 वॉट-तास, आणि 1000 वॉटला ते 112 ते 113 सेकंदांत व्हायला हवेत. व्होल्टेज मात्र मल्टिमीटरने मोजा. रॉडवर 230 लिहिलंय आणि घरात 220 मिळतंय, तर तो सुमारे 915 वॉटच घेतो आणि वेळ 123 सेकंदांवर जाते. रॉडही पाटीवरच्या आकड्याला चिकटून नसतो, म्हणून 5 टक्क्यांचा फरक सोडून द्या. 20 टक्के फरक दिसला तर तक्रार करा. इस्त्री या चाचणीला वापरू नका, तिचा थर्मोस्टॅट मध्येच तोडतो.

बसवण्याच्या कामातला एक दोष धोकादायक आहे: सैल टर्मिनल. मीटरमागे मजुरी ठरलेली असली की दिवसभरात जितके जास्त मीटर तितके पैसे, आणि मग ॲल्युमिनियमच्या सर्व्हिस वायरचे दोन्ही स्क्रू घट्ट केले जातातच असं नाही. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं, त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि जोडाचा रोध वाढतो. 25 मिलिओहमचा खराब जोड 20 अँपिअरला 10 वॉट उष्णता देतो, तीही प्लास्टिकच्या डबीत. मे महिन्यात एसी रात्रभर चालला की टर्मिनल ब्लॉक वितळतो. तार स्वच्छ घासून, दोन्ही स्क्रू आवळून, काही मिनिटांनी पुन्हा एकदा आवळावेत. वितळल्याचा वास किंवा काळा डाग दिसला तर सीलबंद झाकणाला स्वतः हात न लावता लगेच कळवावं.

संपर्काचा प्रश्नही जागेनुसार बदलतो. दाट वस्तीत मीटर एकमेकांना रेडिओने जोडून घेतात आणि एका गेटवेमार्फत डेटा पाठवतात. पण गल्लीत आठ मीटर बसले आणि बाकीचे राहिले, तर साखळी तयार होत नाही. वाड्या-वस्त्यांवर अंतर जास्त, तिथे मोबाइल सिमचा मार्ग बरा. तळघरातल्या लोखंडी पेटीत मात्र सिमही हतबल होतं, अँटेना पेटीबाहेर आणावी लागते. संपर्क तुटला म्हणून नोंद हरवत नाही. मीटर महिनाभराच्या अर्ध्या तासांच्या नोंदी स्वतःत साठवतो आणि वायरमन जागेवर जाऊन त्या उतरवून घेऊ शकतो. त्यामुळे ‘संपर्क नव्हता म्हणून सरासरी बिल’ हे उत्तर स्वीकारू नये.

वेळेनुसार दर हा या बदलाचा तो भाग आहे ज्यातून ग्राहकाला थेट काही मिळू शकतं. केंद्राच्या वीज (ग्राहक हक्क) नियमांत जून 2023 मध्ये झालेल्या दुरुस्तीने 10 किलोवॉटवरच्या व्यावसायिक आणि औद्योगिक ग्राहकांना 1 एप्रिल 2024 पासून आणि शेती सोडून बाकीच्यांना 1 एप्रिल 2025 पासून असे दर लावायला सांगितले, आणि स्मार्ट मीटर बसला की लगेच. महाराष्ट्रात जुलै 2025 पासून टीओडी मीटर असलेल्या महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांची सवलत सुरू झाली. दिवसा सौर वीज मुबलक आणि स्वस्त असते, हे त्यामागचं कारण.

दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरात याचा फायदा थोडा. आंघोळीचं पाणी सकाळी 6 ला तापतं, ते दुपारी ढकलता येत नाही. खरा फायदा सोसायटीच्या पंपाला आहे. 5 अश्वशक्तीचा पंप साधारण 4.4 किलोवॉट घेतो. तीन तास चालला तर 13 युनिट, महिन्याला सुमारे 390, आणि सवलत 312 रुपये. त्यासाठी एक टायमर आणि एका वेळी दिवसाचं पाणी मावेल एवढी टाकी लागते. इलेक्ट्रिक स्कूटर किंवा कार दुपारी चार्ज होणार असेल तर तीही यात बसते. मात्र मीटरचं घड्याळ बरोबर हवं. पडद्यावरची वेळ मोबाइलशी ताडून बघा. अर्ध्या तासाचा फरक असेल तर रोजचा तेवढा वापर वेळेच्या चुकीच्या कप्प्यात जातो. छतावर सौर पॅनेल असलेल्यांनी दिवसाची जादा वीज कोणत्या कप्प्यात जमा होते आणि कोणत्या कप्प्यातल्या वापरातून वजा होते, हे आयोगाच्या चालू आदेशात वाचूनच पॅनेल किती किलोवॉटचं घ्यायचं ते ठरवावं.

त्याच 2023 च्या दुरुस्तीत ग्राहकाच्या बाजूच्या दोन तरतुदी आहेत. स्मार्ट मीटरने मंजूर भारापेक्षा जास्त मागणी दाखवली म्हणून मीटर बसण्याआधीच्या काळाचा दंड लावता येत नाही. आणि मंजूर भार वाढवायचा तर वर्षात किमान तीनदा तो ओलांडलेला असला पाहिजे.

दुरून वीज तोडण्याची सोय मात्र फार जपून वापरायची गोष्ट आहे. ऑगस्ट 2020 मध्ये, जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात चुकीची आज्ञा सुटली आणि लाखाहून अधिक स्मार्ट मीटरांचा पुरवठा एका फटक्यात बंद पडला. तिथे पुढे मीटर बसवणंच थांबवावं लागलं. जुन्या पद्धतीत चूक झाली तर एका खांबावरची झाली असती. म्हणून एका आज्ञेत किती मीटर तोडता येतील याला मर्यादा, दोन अधिकाऱ्यांची मंजुरी आणि आज्ञेची कायमची नोंद, हे तिन्ही प्रणालीतच बांधलेलं हवं. कायद्याची अटही कायम आहे: वापरानंतर बिल येणाऱ्या ग्राहकाची वीज थकबाकीसाठी तोडायची तर वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, मग तोडणारा वायरमन असो की सर्व्हर. प्रीपेड घेतलं असेल तर त्याच कायद्याच्या कलम 47 प्रमाणे सुरक्षा ठेव मागता येत नाही, आणि आधीची भरलेली ठेव परत किंवा जमा मागायला हवी.

अर्ध्या तासाच्या नोंदींवरून घर कधी रिकामं असतं हेही कळतं. अशा नोंदी 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतात, आणि वितरण कंपनीने सेवादाराला हा डेटा बिल आणि ऊर्जा लेखापरीक्षणाशिवाय वापरू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. उलट शाखा कार्यालयातल्या सहायक अभियंत्याला तो आज सहज मिळत नाही, त्याला मिळाला पाहिजे. कोणतं रोहित्र संध्याकाळी 7 ते 10 ओव्हरलोड जातं, कोणत्या फेजवर भार एकवटलाय, हे त्याला रोज सकाळी कळलं तर तो फेज बदलून रोहित्र जळण्याआधीच वाचवेल.

तक्रारीचा मार्ग असा. आधी शाखा किंवा उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज, फोटो आणि रीडिंगसह, पोच घेऊन. रीडिंग वापराशी जुळत नसल्याची तक्रार असेल तर वीज (ग्राहक हक्क) नियमांच्या फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीनुसार 5 दिवसांत पडताळणीसाठी जादा मीटर लावायचा आणि किमान 3 महिने दोन्हींची तुलना करायची असते. अर्जात हा नियम नावानिशी लिहा, नाहीतर अर्ज साध्या तक्रारींच्या ढिगात जातो. त्यातून सुटलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत. मंचाचा आदेश पटला नाही तर 60 दिवसांत मुंबई किंवा नागपूरच्या विद्युत लोकपालांकडे. मंचापुढे जाताना मागच्या 12 महिन्यांची बिलं, मीटर बदली अहवाल आणि पडताळणी मीटरची रोजची रीडिंग एका तक्त्यात मांडून न्या.